काम चोख, वेळेचा पत्ता नाही: लोहिया बाजारचा चाबीवाला

दुकानाला नाव नाही, म्हणून आधी खूण सांगते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात लोहिया बाजाराच्या तोंडाशी एका टपरीवर पत्र्याची हातभर लांब पिवळी किल्ली टांगलेली दिसेल, तीच. पाटी नाही. फोन नंबर खडूने लिहिलेला, तोही पावसात अर्धा पुसलेला. आत एक लाकडी पेटी, किल्ल्या कापायची दोन यंत्रं आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींची घरात किल्ली असते आणि उंबऱ्याबाहेर पडली की तिची चाबी होते. तेव्हा विचारायचं झालं तर चाबीवाला म्हणून विचारा. किल्लीवाला म्हणालात तर लोक किल्ल्याचा रस्ता दाखवतील.

मी चिटणीस की गोठमध्ये राहते आणि ऑर्डरप्रमाणे मोदक, पुरणपोळ्या, फराळाचं करून घरपोच देते. त्यासाठी 2012 सालची वॅगन आर आहे. मागची सीट पाडली की तीन पातेली आणि दोन मोठे डबे आडवे न होता बसतात. गाडीने आजवर कधी दगा दिला नव्हता. दिला तो नेमका 27 ऑगस्टला, गणपतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला. मागे तीनशेपंधरा उकडीचे मोदक, पंधरा घरांचे, प्रत्येकी एकवीस. मुरारपासून थाटीपूरपर्यंत लोक आरतीला खोळंबलेले. आणि किल्ली फिरेना.

फिरेना म्हणजे अजिबात नाही. किल्ली आत पूर्ण जात होती, पण भिंतीत घातल्यासारखी. मी एकदा देवाचं नाव घेतलं, एकदा दुसऱ्या कोणाचं तरी. समोरच्या घरातले भाऊ सोवळ्यातच बाहेर आले, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "वहिनी, मी डावीकडे रेटतो, तुम्ही किल्ली हळू फिरवा. जोर नको." फिरली की! आदल्या रात्री गल्लीच्या उतारावर गाडी लावताना मी चाक वळवून नालीच्या दगडाला टेकवून ठेवलं होतं. किल्ली काढली की आत एक खिट्टी स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत पडते, चोराला गाडी वळवता येऊ नये म्हणून. चाक दगडावर रेललेलं असलं की सगळा भार त्या खिट्टीवर येतो, ती खाचेत आवळून बसते आणि किल्लीच्याने मागे ओढली जात नाही. स्टिअरिंग ज्या बाजूला जरासं हलतं त्या बाजूला नेऊन भार काढला की झालं. मोदक पोचले, पंधराव्या घरी फक्त आरती होऊन गेली होती.

इथवर चाबीवाल्याचा संबंध नाही. संबंध आला तो आमच्या चिरंजीवांमुळे. तो गणपतीला पुण्याहून आला होता. हकिकत ऐकून म्हणाला, "आई, कुलूप कोरडं पडलंय," आणि शिवणाच्या मशीनच्या तेलाची अख्खी कुपी किल्लीच्या भोकात रिकामी केली. पुढचे आठ-दहा दिवस किल्ली लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. पोरगा फोनवर रोज विचारायचा, "बघ, म्हटलं नव्हतं?"

पितृपक्षातल्या एका मंगळवारी किल्ली पुन्हा अडली. या खेपेला चाक सरळ होतं. स्टिअरिंग दोन्हीकडे नेहमीइतकं हलत होतं, भाऊंनीही रेटून पाहिलं. काही नाही. पुतण्याने पक्कड आणली आणि मी "नको नको" म्हणेपर्यंत किल्लीचं पातं एका अंगाला किंचित वाकलं. तिथे मी हात जोडले. किल्ली आत तुटली असती तर पुढचं काम चौपट झालं असतं, हे नंतर कळलं, पण भीती तेव्हाच वाटली होती.

आधी मी एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला. नाव घेत नाही. पलीकडच्या मुलीने गाडीचं मॉडेल विचारलं आणि पुढचं सगळं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. कुलूप दुरुस्त होत नाही, पूर्ण लॉकसेट बदलावा लागतो, दारांच्या कुलपांसकट, म्हणजे एकच किल्ली सगळ्यांना चालते. वर नव्या किल्लीचं कोडिंग. साडेआठ हजारांच्या आसपास, पार्ट यायला चार-पाच दिवस, आणि गाडी उचलून आणावी लागेल. मी म्हटलं, आमच्या गल्लीत क्रेन शिरत नाही. ती म्हणाली, मग गाडी ढकलत मोठ्या रस्त्यावर आणा. स्टिअरिंग लॉक असलेली गाडी, वळणाच्या गल्लीतून! लष्कर म्हणजे मूळ दौलतराव शिंद्यांची 1810ची छावणी. आमच्या जुन्या गल्ल्यांतून घोडेस्वार गेला असेल, क्रेन जाणार नाही.

म्हणून ई-रिक्षाने लोहिया बाजार गाठला. माणूस पन्नाशीचा, एका डोळ्याला घड्याळजींसारखं भिंग, तोंडात गुटखा. मी आपली हकिकत सुरू केली तर त्याने हाताने थांबवलं आणि स्वतःच विचारायला लागला. गाडी गियरची की ऑटोमॅटिक? (ऑटोमॅटिकमध्ये दांडा पी वर नसेल तर किल्ली पूर्ण मागे फिरत नाही की निघत नाही, आणि लोक कुलूप बिघडलं म्हणून धावत येतात, असं त्याचं म्हणणं.) चाबी पूरी अंदर जाती है? स्टिअरिंग हिलाके देखा? आणि मग असा प्रश्न, जो मला कोणीच विचारला नव्हता: "दरवाजे में यही चाबी कैसी चलती है?"

मी पाहिलंच नव्हतं. तो म्हणाला, तिथेही अडली तर किल्लीत दोष, तिथे सहज फिरली तर कुलपात. एवढं एक वाक्य फुकट मिळालं आणि माझा निम्मा जीव भांड्यात पडला. निघताना दुसरी किल्ली, म्हणजे गाडीबरोबर आलेली जोडीतली, काढून ठेवायला सांगितली. अकरा वाजता येतो म्हणाला.

आला पावणेदोनला. मधे चार वेळा फोन केला, दोनदा उचलला नाही, दोनदा "बस निकल रहा हूँ". ज्यांना घड्याळ लावून कामं असतात त्यांनी हे वाचून ठेवावं. मला त्या दिवशी फक्त एका घरचं जेवण द्यायचं होतं, तेही चालत, म्हणून निभावलं.

आल्यावर मात्र पेटी उघडायच्या आधी त्याने गाडीची आरसी मागितली. नाव वाचलं, नंबरप्लेट बघितली, मग बसला. मला हे आवडलं. गल्लीत कोणाचीही गाडी कोणीही उघडून घ्यावी असं नाही.

माझा जुडगा हातात घेऊन त्याने तोलून पाहिला. "दीदी, इसमें तो पूरा घर लटका है." खोटं नव्हतं. घराच्या तीन किल्ल्या, गच्चीची एक, कोठीच्या कुलपाची, पितळेचा गणपती, आणि एक अॅल्युमिनियमची छोटी चकती, जिच्यावर काही आकडे आहेत आणि जी तेरा वर्षांत मी कधी वाचली नव्हती. हे सगळं वजन गाडी हलली की किल्लीला खाली ओढत झुलतं आणि कुलपाच्या आतल्या पितळी पत्त्या एकाच बाजूने झिजतात. चकती पाहून तर त्याने कपाळाला हात लावला. तो किल्लीचा नंबर आहे, त्याच्यावरून कोणीही तश्शीच किल्ली कापू शकतो, तो कपाटात ठेवायचा असतो. मी तो तेरा वर्षं भाजीबाजारात मिरवत होते.

मग परीक्षा. रोजची किल्ली दाराच्या कुलपात: अडखळत, जरा बाहेर ओढून हलवली तर फिरली. कपाटातली दुसरी किल्ली: अलगद. दोन्ही उन्हात शेजारी धरून त्याने मला भिंगातून बघायला लावलं. कपाटातल्या किल्लीच्या दात्यांच्या कडा करकरीत, माझ्या रोजच्या किल्लीचे दाते चोखून संपवलेल्या खडीसाखरेसारखे गुळगुळीत. शिवाय ती वाकलेली. आता गाडीत कपाटातली किल्ली घातली. अर्धी फिरली आणि थांबली. म्हणजे किल्लीही गेलेली आणि कुलूपही आजारी. "दोनों मरीज़ हैं," असं म्हणून त्याने गुटखा थुंकला, तो आमच्या जास्वंदीच्या कुंडीत. याचा अर्धा गुण मी कापणार आहे.

कुलपाच्या भोकात त्याने स्प्रे मारला. तेल नव्हे, वायरिंगच्या जोडांवर मारतात तो, मळ सोडवून उडून जाणारा. मग किल्ली आत-बाहेर, आत-बाहेर, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. पहिल्यांदा आली ती काळी खीर. मी बोटावर घेऊन पाहिली. मऊ, चिकट, आणि वास? तुपाचा! मशीनचं तेल, ग्वाल्हेरची धूळ, आणि माझ्या हाताचं तूप नि तांदळाची पिठी. ओल्या-तुपट हातांनी किल्ली धरायची सवय, तिच्यावर पोराने ओतलेलं तेल, आणि आमच्याकडची हवा, जी मे महिन्यात तव्यासारखी तापते आणि वर्षभर दगडाची भुकटी घेऊन फिरते. तेलाने पहिले काही दिवस सगळं सैल केलं आणि मग येईल तो कण धरून ठेवला. कुलपात मी तेरा वर्षं उकड काढत होते म्हणायची.

सहा-सात फडकी झाल्यावर किल्ली पहिल्या खुणेपर्यंत फिरली. तिथवर फिरली की कुलपाचा नळा, ज्यात किल्ली जाते तो, बाहेर काढता येतो. अजिबात फिरत नसती तर ड्रिल लावून फोडावं लागलं असतं, आणि मग खरंच नवीन सेट. त्याआधी त्याने विचारलं, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे का. माझ्या गाडीत नाही. असती तर आधी बॅटरीची तार काढून थांबला असता, म्हणाला. स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं, एका बारीक छिद्रातून टोचणीने काहीतरी दाबलं आणि करंगळीएवढा पितळी नळा किल्लीसकट हातात आला.

इथे मी स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली आणून दिली, कारण तो सगळं पायरीवर मांडायला निघाला होता. नळ्याच्या पोटात पितळेच्या चपट्या पत्त्या, नखाएवढ्या, मधे चौकोनी भोक, आणि प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्लीचा प्रत्येक दाता एकेका पत्तीला ठरल्या उंचीवर उचलतो. सगळ्या पत्त्या नळ्याच्या पोटात समतल आल्या की नळा फिरतो. एक जरी बाहेर डोकावत राहिली तरी ती कडेला अडते. एवढंच शास्त्र. चिमट्याने एकेक काढून तो ताटलीत ओळीने लावत होता, डावीकडून उजवीकडे. मी म्हटलं, सरकवू का जरा? तो एकदम ओरडलाच. प्रत्येक पत्तीची उंची वेगळी, क्रम बदलला की आपलीच किल्ली आपल्याला परकी.

एकीची स्प्रिंग तुटलेली होती. दुसऱ्या एका पत्तीच्या कडेला किल्लीने घासून बारीक ओठ आला होता, तोच नळ्याच्या कडेला अडकत होता. त्या वेळी तो जे बोलला त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. म्हणाला, ह्या दोन पत्त्या फेकून देतो, पाच मिनिटांत गाडी चालू होईल, तुम्हाला कधी कळणारही नाही, बहुतेक जण तेच करतात. पण जितक्या पत्त्या कमी, तितक्या जास्त किल्ल्यांनी तुमचं कुलूप फिरेल. "मैं नहीं करता. आपको जल्दी है तो बोलो." मी म्हटलं, घाई नाही, चहा टाकते.

त्याने पेटीतल्या औषधाच्या जुन्या डबीतून तेवढ्याच मापाची स्प्रिंग शोधली. ओठ आलेली पत्ती बारीक पॉलिश पेपरवर तीन-चारदा नुसती पुसल्यासारखी घासली. जास्त घासली तर उंची जाते, म्हणून घासायची, घालून बघायची, पुन्हा घासायची. चाळीस मिनिटं ह्या एका पत्तीवर गेली. चहा थंड झाला, त्याने तसाच प्यायला. शेवटी आत टाकली काळी पूड, ग्रॅफाइट. आपल्या शिसपेन्सिलीत असतं तेच. नाव शिसपेन्सिल, शिशाचा कणही नाही. कोरडी असल्यामुळे तिच्यावर धूळ चिकटत नाही. घरी करायचं तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर खरडून किल्ली चार वेळा आत-बाहेर करा म्हणाला, आणि पोराला सांगा, तेल मशीनलाच शोभतं.

राहिली किल्ली. दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन कापून आणली. माझी मागे एकदा समजूत होती की डुप्लिकेट म्हणजे रोजची किल्ली द्यायची आणि तशी करून घ्यायची. ते यंत्र एका बाजूला किल्लीवरून चाचपत जातं आणि दुसऱ्या बाजूला तेच कापतं. झिजलेली दिलीत तर झीजही हुबेहूब उतरते. त्यामुळे नमुना कपाटातल्या किल्लीचा. नवं पातं दारात फिरलं, गाडीतही फिरलं, पण इंजिन सुरू होईना. समोर किल्लीचा दिवा लुकलुकत बसला. ही गंमत त्याने मला मुद्दाम दाखवली. किल्लीच्या काळ्या डोक्यात लवंगेएवढी चिप असते. तिला स्वतःचं सेल नाही, कुलपाभोवती तारेची एक कडी असते, तिच्यातून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन. त्याने वाकलेल्या किल्लीचं डोकं फोडून चिप काढली, नव्या डोक्यात बसवली, आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू. कोडिंगबिडिंग काही लागलं नाही, कारण चिप जुनीच. दोन्ही किल्ल्या हरवल्या असत्या तर हे त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं काम तो घेत नाही.

पैसे: घरी येण्याचे दोनशे, कुलपाचे चारशे, किल्लीचे अडीचशे. साडेआठशे. मी सवयीने सातशे म्हणून पाहिलं. त्याने ताटलीकडे बोट दाखवलं, मी गप्प बसले. बिल मिळत नाही, मागूही नका. यूपीआय चालतं, पण पैसे त्याच्या मुलाच्या नावावर जातात.

तक्रारी राहिल्या त्या सांगते. वेळेचं आणि कुंडीचं झालं. स्टिअरिंगखालचं कव्हर परत बसवताना त्याने एक क्लिप तोडली किंवा हरवली. तो म्हणतो आधीच नव्हती. तेव्हापासून साठच्या पुढे गाडी गेली की तिथे कटकट वाजतं. मी साठच्या पुढे झाशी रोडवरच जाते, म्हणून अजून जुळवून घेतलंय. आणि त्याचं फडकं सीटवर पडलं, तो डाग ग्रॅफाइटचा आहे, बेसन लावलं, लिंबू लावलं, गेला नाही.

कुलूप मात्र दसरा-दिवाळी सगळं पार पाडून आजही एका बोटाने फिरतं. उतारावर गाडी लावताना चाक दगडाला टेकवत नाही. चाकामागे अर्धी वीट घालते. नंबरची चकती कपाटात, दागिन्यांच्या डब्यात. गाडीची किल्ली आता जुडग्यात नाही, एकटी, लाल दोऱ्यात.

आणि त्यामुळेच झालं असं, की वसुबारसेच्या दिवशी मी फराळाचे डबे घेऊन, लाल दोरा बोटात अडकवून बाहेर पडले आणि दार मागे आपोआप लागलं. घराचा जुडगा आत, गॅसवर पाक. फोन लावला. त्या दिवशी मात्र बारा मिनिटांत आला. दीडशे घेतले. कुंडीत थुंकला नाही.